अमारोनेची द्राक्षं शंभर दिवस सुकतात, आपला बेदाणा पंधरा दिवसांत. आपल्या शेडमध्ये ते जमेल का?

अथणी_बागायत

नमस्कार मंडळी. इटलीत व्हेरोना शहराच्या वरच्या अंगाला वाल्पोलिचेल्ला नावाचा डोंगरपायथ्याचा पट्टा आहे. तिथली घराणी द्राक्षं आधी सुकवतात आणि मग गाळतात, त्या वाइनला अमारोने म्हणतात. काढणीनंतर घड तीन-साडेतीन महिने माडीवर ठेवायचे, वजन तिसऱ्या हिश्श्यानं उतरलं की चुरायचे, इथवर समजलंय.

आपल्याकडे ऐगळी-तेलसंगपासून विजापूरपर्यंत आणि तिकडं तासगाव-कवठेमहांकाळपर्यंत बेदाण्याच्या शेड उभ्या आहेत. रॅक, जाळी, शेडनेट, घड हाताळायला सरावलेल्या बायका, सगळं तयार आहे आणि वर्षातले आठ-नऊ महिने ते रिकामं असतं. म्हणून विचारतोय. त्यांच्या आणि आपल्या सुकवण्यात नेमका फरक कशाचा? थॉमसन किंवा माणिक चमन ह्या आपल्या बेदाण्याच्या जाती तशा सुकवून वाइनरीला देता येईल का? करायचं झालं तर जात कुठली, दिवस किती, तापमान किती, बिघडतं कुठं? आकड्यानिशी सांगा. "होत नाही" हे उत्तर असलं तरी चालेल, पण का होत नाही ते कळू दे.

कृष्णाकाठ

अण्णा, रॅकवर घड ठेवलेले दोन्हीकडे सारखेच दिसतात, पण कामाची दिशा उलटी आहे. आधी आपलं बघू. लिटरभर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली इथाइल ओलिएट, म्हणजे आपलं डिपिंग ऑइल. घड त्यात दोन ते चार मिनिटं बुडवायचे. मण्याच्या सालीवर मेणाचा जो थर असतो त्यातून पाण्याला वाट मोकळी होते. वरून मार्च-एप्रिलचं ३६-३८ अंश तापमान आणि कोरडा वारा. बारा ते पंधरा दिवसांत ८० टक्क्यांचं पाणी १५ टक्क्यांवर येतं, चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा पडतो. पाणी जितकं लवकर निघेल तितका रंग चांगला, हा आपला हिशोब.

त्यांच्याकडे डिपिंग नाही. मेणाचा थर शाबूत राहिला पाहिजे, कारण पाणी सावकाश जावं हीच इच्छा असते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हातानं काढणी, तीही निवडून. मोकळे, हवा खेळेल असे घड सुकवायला आणि घट्ट गच्च घड साध्या वाल्पोलिचेल्ला वाइनला. उथळ कॅरेटमध्ये एकच थर, साधारण पाच-सहा किलो. घडावर घड नाही. पूर्वी वेळूच्या, बोरूच्या चटयांचे थर असायचे, त्यांना आरेले म्हणतात. त्याच चटयांवर तिथली घरं रेशमाचे किडे पाळायची, आणि कोष निघाल्यावर शरदात त्या द्राक्षाला मोकळ्या व्हायच्या. आपल्या राज्यात रेशीमवाल्यांच्या शेडमध्ये चंद्रिका, म्हणजे किड्यांना कोष करायला ठेवतात त्या जाळ्या, बघितल्या असतील तर हे डोळ्यांसमोर येईल.

सुकवायच्या जागेला फ्रुत्ताइओ म्हणतात आणि प्रक्रियेला अप्पास्सिमेंतो. ऑक्टोबरात तिथं पंधराच्या आसपास तापमान, जानेवारीत पाचच्याही खाली. खिडक्या समोरासमोर, दरीतला वारा आरपार जाईल अशा. धुकं उतरलं की खिडक्या बंद आणि पंखे चालू. आता बहुतेकांकडे आर्द्रता कमी करणारी यंत्रं आहेत, पण तीसुद्धा नैसर्गिक सुकवण्याच्या जवळपासच चालवायची असा नियम आहे. गरम हवा मारून आठ दिवसांत उरकता येत नाही. १ डिसेंबरच्या आधी गाळायला परवानगी नाही. घट ३० ते ४० टक्के. कोर्विना, म्हणजे तिथली मुख्य लाल जात, १९-२० ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) उतरवतात आणि चुरताना ती २७-२८ च्या घरात असते.

आता "का" ह्याचं उत्तर. त्या थंडीत मणी जिवंत असतो. वेलीवरून उतरला तरी पेशी श्वास घेत राहतात. मॅलिक आम्ल हळूहळू खर्ची पडतं, टार्टारिक टिकतं आणि पाणी कमी झाल्यानं दाट होतं. पाण्याचा ताण बसल्यामुळे सालीत रेझव्हेराट्रॉलसारखे संरक्षक पदार्थ नव्यानं तयार होतात. थोड्या मण्यांत बोट्रायटिस बुरशी आतून हलकेच काम करते, तिच्यामुळे ग्लिसरॉल वाढतं आणि तोंडात गुळगुळीतपणा येतो. ह्या सगळ्याला वेळ लागतो. ३८ अंशांत मण्याच्या पेशी काही दिवसांत मरतात. पाणी जातं, पण ते बाकीचं काही घडत नाही, वर साल तपकिरी पडते आणि आम्ल उडतं. अमारोनेचं मर्म सुकण्याच्या वेगात आहे, किती सुकलं त्यात नाही. दोन्ही पद्धतींत ३५ टक्के घट आणता येते, पण रस एकसारखा मिळत नाही.

मलप्रभा

कृष्णाकाठ यांनी शेड नीट सांगितली, मी जात आणि घराणी ह्यांत थोडी भर घालतो.

अमारोनेत कोर्विना ४५ ते ९५ टक्के, रोंदिनेल्ला ५ ते ३० टक्के, आणि कोर्विनाच्या वाट्यातला काही भाग कोर्विनोने जातीनं भरता येतो. कोर्विनाची साल जाड, म्हणून महिनोन्‌महिने टिकते. रोंदिनेल्ला रोगाला काटक आणि साखर भरवशाची. मोलिनारा पूर्वी ठरलेली असायची, रंग फिका म्हणून आता मागे पडली.

बागायतदारांसाठी एक गंमतीची गोष्ट: कोर्विनाचे काडीच्या बुडाकडचे डोळे वांझ असतात, म्हणून काडी लांब ठेवावी लागते, आणि लांब काडीला जागा पाहिजे म्हणून तिथं पेर्गोला, म्हणजे आपला मांडव. थॉमसनचंही नेमकं तेच आहे. बुडाचे डोळे घड देत नाहीत, म्हणून आपण काडीवर छाटणी घेतो आणि मांडव किंवा वाय आकाराच्या तारांवर वेल नेतो. मांडवाखाली घड सावलीत आणि सुटा लोंबकळतो, ऊन लागून भाजत नाही. सुकवायच्या मालाला हा सुटेपणा फार मोलाचा. उतारावर दगडी बांध रचून केलेल्या पायऱ्या आहेत. चुना न वापरता रचलेल्या त्या बांधांना मारोन्ये म्हणतात. खानापूरच्या बाजूला डोंगरउतारावर दगडी ताली बघितलेल्या माणसाला ते ओळखीचं वाटेल.

घराण्यांचं म्हणाल तर बोस्काइनी घराण्यानं १७७२ साली व्हायो देई मासी नावाची दरी घेतली, त्यावरून त्यांच्या वाइनरीचं नाव मासी पडलं. गार्गान्यागोच्या सेरेगो अलिगिएरी घराण्याचं मूळ कवी दान्तेच्या मुलापर्यंत जातं. त्यानं १३५३ साली तिथं जमीन घेतली आणि तीच वहिवाट आजवर चालू आहे. ही घराणी चेरीच्या लाकडाची पिंपंसुद्धा वापरतात, बाकी मोठ्या पिंपांना स्लाव्होनियातला ओक. सुकवून वाइन करायची रीत त्याहून जुनी. सहाव्या शतकात थिओडोरिक राजाचा मंत्री कासिओडोरस ह्यानं व्हेरोनाच्या 'अचिनातिकुम' वाइनचं वर्णन पत्रात केलंय, आणि ती हिवाळ्यापर्यंत राखून ठेवलेल्या द्राक्षांचीच आहे.

मूळ वाइन गोड होती, रेचोतो. अमारोने म्हणजे रेचोतोची आंबवण थांबली नाही, सगळी साखर खाल्ली गेली आणि वाइन कोरडी झाली. नेग्रारच्या सहकारी वाइनरीत १९३६ साली एक पिंप असं विसरलं गेलं आणि चाखणाऱ्यानं "हे कडू नाही, हे तर मोठं कडू" अशा अर्थानं अमारोने हे नाव दिलं, असं तिथं सांगतात. आमारो म्हणजे कडू.

हे घराण्यांनीच का धरून ठेवलं, तेही लक्षात घ्या. १०० किलो द्राक्षाला नियमानं जास्तीत जास्त ४० लिटर वाइन. साध्या वाइनला ७० लिटरच्या आसपास निघते. त्यानंतर काढणीच्या पुढच्या १ जानेवारीपासून कमीत कमी दोन वर्षं मुरवण, बाटलीवर रिझर्व्हा लिहायचं असेल तर काढणीच्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून चार. पैसा तीन-साडेतीन वर्षं अडकतो. बेदाणा शीतगृहात ठेवून दिवाळीच्या भावाची वाट बघणं आपल्यालाच जड जातं, तर हे किती जड. मोठं भांडवल किंवा पिढ्यांचा धीर, दोन्हीपैकी एक पाहिजेच. २०१० पासून अमारोनेला इटलीतला सर्वांत वरचा दर्जा, डीओसीजी, मिळालाय आणि अल्कोहोल किमान १४ टक्के असावं लागतं. हातात येणाऱ्या बाटल्या बहुधा १५-१६ च्या असतात.

अथणी_बागायत

फार उपयोगी माहिती. म्हणजे बेदाणा शेड उन्हाळ्यात नको, हे पटलं. मग दोन शंका. थॉमसन डिपिंग न करता थंड खोलीत सुकवलं तर? आणि आपल्या भागात शीतगृहं आहेतच, त्यातल्या एका खोलीत शंभर दिवस ठेवलं तर?

घटप्रभा

दोन्हींची उत्तरं देते, जरा लांबतील.

थॉमसन सोडून द्या. लाल वाइनला रंग आणि तुरटपणा सालीतून आणि बीमधून येतो. थॉमसन पांढरी आणि बिनबियांची. सुकवल्यावर साखर दाटेल, पण दाटायला दुसरं काही नाही, सुगंधही नाही. त्यात आपण मणी फुगवायला जीए, म्हणजे जिब्रेलिक आम्ल, देतो. फुगलेला मणी, पातळ साल, घट्ट घड. असा घड आतून हवा घेत नाही, आठ-दहा दिवसांत मधल्या मण्यांवर करडी किंवा निळी-हिरवी बुरशी धरते आणि बाहेरून काही दिसत नाही. घड हातात घेऊन देठाकडून वर उचला आणि मधोमध बोट घालून बघा. ओलसर, चिकट लागलं तर तो घड गेलेला आहे, शेजारच्या चार घडांना लावायच्या आत काढा. डिपिंग झालेला माल तर वाइनला अजिबात नको. पोटॅशियममुळे टार्टारिक आम्ल क्षार होऊन खाली बसतं, पीएच वर चढतो, आणि चढलेल्या पीएचला जंतू मोकाट. गंधकाची धुरी दिलेला असेल तर यीस्टच चालत नाही.

शीतगृहाचं असं आहे. बेदाण्याची किंवा ताज्या द्राक्षाची खोली शून्य ते चार अंशांत चालवतात. ताज्या मालाच्या खोलीत आर्द्रता नव्वदच्या वर ठेवतात, म्हणजे पाणी जाऊच नये म्हणून. तिथं शंभर दिवस ठेवलं तर माल सुकणार नाही, देठ काळे पडून सडेल. तुम्हाला १० ते १५ अंश आणि ६५ ते ७५ टक्के आर्द्रता अशी वेगळी खोली लागते.

एक टनाचा हिशोब करू. कॅरेटला सहा किलो, म्हणजे १६७ कॅरेट. दहा-दहाच्या थप्प्या केल्या तर सतरा थप्प्या, मध्ये माणूस जाईल एवढी वाट. पहिल्या वीस दिवसांत १५ टक्के घट काढायची, म्हणजे १५० किलो पाणी, दिवसाला साडेसात लिटर. हा टप्पा जरा वेगानंच घ्यायचा, १५-१६ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता, कारण देठ आणि काढणीच्या जखमा सुकल्या की बुरशीचा अर्धा धोका सरतो. नंतर १० ते १२ अंशांवर आणून आर्द्रता ७० च्या पुढं जाऊ द्या आणि उरलेली घट महिना-दीड महिन्यात सावकाश होऊ द्या. तेव्हा दिवसाला तीन-चार लिटरच निघतं. पाणी एवढं थोडं की आर्द्रता काढायला एक मध्यम यंत्र पुरतं. खरा भार छप्पर-भिंतीतून येणाऱ्या उन्हाच्या उष्णतेचा आहे. बाहेर ३८ आणि आत १२ म्हणजे २६ अंशांचा फरक. शंभर मिलिमीटर जाडीचे पफ पॅनेल, म्हणजे फोम भरलेले उष्णतारोधक पत्रे, लावल्याशिवाय वीजबिल परवडत नाही, आणि वीज गेली की जनरेटर. रात्रभर वीज नसली तर थंड मालावर दमट हवा बसून घड घामेजतात. आठवडाभराची मेहनत त्या एका रात्रीत बुरशीच्या घशात जाते.

वाऱ्याबद्दल: पंखा थेट थप्पीवर रोखू नका. समोरचे मणी सुरकुततात, मागचे ओले राहतात. पंखा भिंतीकडं तोंड करून लावा, हवा परतून यावी. थप्प्यांची जागा आठवड्याला बदला, खालचं कॅरेट वर.

मोजमाप: दहा कॅरेटवर खुणा करा, कोपऱ्यातली, मधली, वरची, खालची. दर आठवड्याला वजन आणि त्याच दिवशी पन्नास मण्यांचा रस काढून ब्रिक्स. गणित सोपं, सुरुवातीचा ब्रिक्स भागिले उरलेलं वजन. २० ब्रिक्सचा माल २८ टक्के उतरला तर २० भागिले ०.७२, म्हणजे २७.८. प्रत्यक्षात श्वासात थोडी साखर जाते, देठही वजन सोडतात, म्हणून आकडा किंचित कमी येतो.

ह्या गणितात आपल्या भागातली मोठी चूक होते. बेदाण्याला आपण २२-२४ ब्रिक्सपर्यंत थांबतो, तीच सवय इथं लावली तर २४ भागिले ०.७२, म्हणजे ३३. लिटरमागं साधारण १७ ग्रॅम साखरेला एक टक्का अल्कोहोल. ३३ ब्रिक्सच्या रसाचं गणित १९ च्याही पुढं जातं. इतकं अल्कोहोल यीस्ट झेपवत नाही, ते मध्येच मरतं आणि उरलेल्या साखरेवर जंतू बसतात. म्हणून उतरवा १९-२० ला, आम्लही तेव्हाच चांगलं असतं.

जात: लाल वाइनच्या जातींपैकी शिराझ आपल्या पठारावर चांगली येते, साल बरी, पण आंबटपणा लवकर सोडते. कॅबर्नेचे मणी लहान, घड सुटा, सुकवायला सोयीचा. सांजोव्हेझेला माझं मत जास्त आहे. अकलूजच्या फ्रातेल्ली वाइन्सनं ती महाराष्ट्रात लावली. इटलीचे सेच्ची बंधू, सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू अशा तीन घरच्या भावांची ती वाइनरी, म्हणून नावच फ्रातेल्ली, इटालियनमध्ये भाऊ. तोस्कानात सांजोव्हेझे सुकवून ओक्यो दि पेर्निचे नावाची व्हिन सांतो, म्हणजे सुकवलेल्या द्राक्षांची वाइन, करतात, तेव्हा ह्या जातीच्या सुकवण्याला तिच्या मुलखातच आधार आहे.

छाटणीची वेळ: सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात फळछाटणी घेतली तर माल जानेवारीअखेर-फेब्रुवारीत हाती येतो. त्या वेळी अथणीकडं रात्रीचं तापमान पंधराच्या आसपास असतं. खोलीची झडप रात्री दहा ते सकाळी सहा उघडी, दिवसा बंद, असं केलं तर पहिल्या वीस दिवसांतली बरीच वीज वाचते. मार्चमध्ये काढणी गेली की ही सवलत संपली.

हिरण्यकेशी

घटप्रभाताई, आंबवणीचा भाग राहिला. माल कितीही चांगला सुकला तरी नासतो तो इथंच, म्हणून थोडक्यात लिहितो.

वाल्पोलिचेल्लात जानेवारीत चुरल्यावर मालच थंड असतो, आंबवण आपोआप उशिरा सुरू होते आणि ३० ते ४० दिवस चालते. आपल्याकडं एप्रिलमध्ये चुरणार, म्हणजे जॅकेटच्या, बाहेरून थंड पाणी फिरवता येईल अशा दुहेरी भिंतीच्या टाकीत थंडावा द्यावाच लागेल. १८-२० च्या आसपास सुरू करून २५ च्या वर जाऊ द्यायचं नाही. १४ टक्के अल्कोहोल आणि ३२ अंश ही जोडी यीस्टला मारते.

यीस्ट जास्त साखर आणि अल्कोहोल सोसणारं घ्या. शंभर लिटरला ३० ते ४० ग्रॅम. ३५-३८ अंशांच्या कोमट पाण्यात वीस मिनिटं, मग त्यात थोडा थोडा रस घालत तापमान उतरवायचं. यीस्टचं पाणी आणि टाकीतला रस ह्यांत दहा अंशांपेक्षा जास्त फरक असताना ओतलं तर यीस्ट बसतं. नत्र एकदम देऊ नका. थोडं सुरुवातीला, थोडं तिसरा हिस्सा साखर संपल्यावर. उशिरा, अल्कोहोल चढल्यावर दिलेलं नत्र यीस्ट घेत नाही, ते जंतूंच्या कामी येतं.

दाट रसात यीस्ट ताणाखाली ॲसेटिक आम्ल जास्त सोडतं, हे स्वभावातच आहे. त्यात फुटके मणी आणि चिलटं आली तर व्हिनेगरचा वास पक्का. म्हणून चुरायच्या दिवशी प्रत्येक घड पुन्हा निवडायचा. काळी बुरशी दिसली तर मणी नाही, घडच फेका. ती ॲस्परजिलस असते आणि ओक्राटॉक्सिन ए सोडते, ते आंबवून जात नाही. युरोपात वाइनला त्याची मर्यादा किलोला २ मायक्रोग्रॅम आहे. गरम हवेत सुकवलेल्या मालात हा धोका जास्त, थंडीत कमी. शंभर दिवस थंड ठेवण्याचं हेही एक कारण.

चोथा टाकू नका. अमारोने काढल्यावर उरलेल्या सालींत साखर आणि रंग असतो. त्यावर साधी वाल्पोलिचेल्ला पुन्हा ओतून दहा-पंधरा दिवस ठेवतात, त्याला रिपास्सो म्हणतात. अल्कोहोल सुमारे एक टक्क्यानं चढतं, अंग भरतं. बोस्काइनींच्या मासीनं १९६४ च्या हंगामात कांपोफिओरिन ह्या वाइननं हा जुना घरगुती रिवाज बाजारात आणला. ४० लिटरवर थांबलेला हिशोब ह्यानं बराच सावरतो.

वेदगंगा

मंडळी, सगळे व्हेरोनाकडं बघताय, पण आपल्या हवेशी जुळणारी इटालियन रीत दक्षिणेला आहे. सिसिली आणि ट्युनिशियाच्या मधोमध पांतेल्लेरिया बेट. ज्वालामुखीचा काळा खडक, सतत वारा, पाऊस थोडा. द्राक्ष झिबिब्बो, म्हणजे मस्कत ऑफ अलेक्झांड्रिया. वाऱ्यामुळे वेल मांडवावर नेत नाहीत, जमिनीत खळगा करून त्यात बुटकी झुडपं ठेवतात. वेल लावायच्या त्या पद्धतीला २०१४ साली युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत जागा मिळाली.

तिथं ऑगस्टमध्ये पहिली काढणी. घड उघड्या उन्हात पसरतात, तीन-चार आठवड्यांत मनुका तयार. रात्री दंव पडायच्या आत झाकतात. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या, ताज्या काढणीचा रस काढून आंबवायला लावतात आणि त्या आंबत्या रसात हातानं देठ काढलेल्या मनुका टप्प्याटप्प्यानं टाकतात. मनुका रसात फुगतात, आपली साखर आणि सुगंध सोडतात. आंबवण शेवटी साखर शिल्लक असतानाच थांबते. हीच पास्सितो दि पांतेल्लेरिया. रॅल्लो घराण्याची दोन्नाफुगाता वाइनरी, १९८३ ची, तिची बेन रिये ही वाइन ह्याच रीतीची.

इथं ऊन शत्रू नाही, कारण गोड पांढऱ्या वाइनला लाल सालीतलं काही राखायचं नसतं. सुगंध मात्र जातीतच पाहिजे. थॉमसन इथंही उपयोगाची नाही. शेनिन ब्लांवर किंवा मस्कतवर प्रयोग करा. शेड तीच, रॅक तेच. फक्त डिपिंग नाही, धुरी नाही, म्हणून पंधराऐवजी चोवीस-पंचवीस दिवस धरा आणि रंग तपकिरी येणार हे मान्य करा. अडचण एकच: मनुका मार्चमध्ये तयार आणि ताजा रसही त्याच वेळी हवा. तेव्हा एका बागेची छाटणी तीन-चार आठवडे मागंपुढं ठेवावी लागेल. आपल्याला छाटणी पुढंमागं करायची सवय आहेच.

अथणी_बागायत

वेदगंगा मामा, हे तर डोक्यातच नव्हतं. छाटणी दोन टप्प्यांत घेणं आम्हाला अवघड नाही. परवान्याचं काय?

मलप्रभा

वाइन करणं म्हणजे मद्य तयार करणं. कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ प्रमाणे परवान्याशिवाय ते शेडमध्ये, घरात, हौसेखातर, कसंही केलं तरी गुन्हा. कर्नाटकानं २००७ मध्ये द्राक्ष प्रक्रिया आणि वाइन धोरण आणलं, त्यात वाइनरीला परवाना मिळतो, पण तो वाइनरीला. महाराष्ट्राचं धोरण २००१ चं. तुम्ही सीमेच्या ह्या बाजूला आहात, अकलूजला माल नेणार असाल तर ताजी किंवा सुकवलेली द्राक्षं नेताना तो शेतमाल आहे. रस आंबायला लागला की दोन्ही राज्यांची अबकारी मध्ये येते. म्हणून द्राक्षं चुरली जाऊ नयेत अशा उथळ कॅरेटमध्ये, रात्री, आणि आंबवण परवानाधारक वाइनरीतच.

द्राक्ष सुकवायला आणि मोजायला परवाना लागत नाही. सुरुवात तिथूनच करा.

अथणी_बागायत

ठरवतोय ते लिहितो, चुकलं तर सांगा. ६० किलो कॅबर्ने, १९.५ ब्रिक्सला, दहा कॅरेट. पाच कॅरेट बेदाणा शेडमध्ये सावलीत, पाच कॅरेट १२ अंशांच्या छोट्या खोलीत. डिपिंग, धुरी काही नाही. दर रविवारी वजन, ब्रिक्स, पीएच. २८ टक्के घटीला दोन्हींचे नमुने वाइनरीच्या प्रयोगशाळेत, मॅलिक आम्ल आणि ओक्राटॉक्सिनची तपासणी.

घटप्रभा

एक दुरुस्ती. खोलीतली कॅरेट पहिले वीस दिवस १२ ला नको, १५-१६ लाच ठेवा, नाहीतर देठ ओले राहून तुलनाच चुकेल. शेडमधली कॅरेट आठ-दहा दिवसांतच २८ टक्क्यांना पोचतील, खोलीतली साठाच्या पुढं जातील. म्हणून शेडचा नमुना काढल्या दिवशीच रस काढून गोठवून ठेवा आणि दोन्ही एकाच दिवशी तपासायला द्या. आणि दहाचे बारा कॅरेट करा. प्रत्येक बाजूचं एक कॅरेट पहिल्या दिवशीच उघडून बघायला खर्ची पडू द्या, घडाच्या मधोमध बोट घालून.